चालू होताना ओरडणारा कम्प्युटर

आमचं घर आणि आबांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीला दार होतं, पण ते कधी लावल्याचं मला आठवत नाही. अलीकडं स्वयंपाकघर, पलीकडं लोखंड कातायचं लेथ मशीन. सकाळी चहा झाला की आबा मशीन सुरू करायचे आणि मग दिवसभर घरातलं सगळं त्या आवाजाच्या पोटात चालायचं. फळीवरच्या कपबशा थरथरायच्या. बिडाचा काळा कीस आबांच्या चपलांना चिकटून घरभर व्हायचा आणि कितीही झाडलं तरी तांदूळ निवडताना एखादा कण सापडायचाच. पाण्याच्या पंपाला लागणारे बारके बारके भाग आबा कातून द्यायचे. त्या कामात त्यांचे कान गेले. एकदम गेले नाहीत, हळूहळू गेले, आणि गेलेत हे सगळ्यांत शेवटी कळलं ते त्यांनाच. गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलायला लागलं की ते त्याच्या ओठांकडं बघून मान डोलवायचे. टीव्ही त्यांनी सोडूनच दिला होता. मी काही बोलले की 'काय म्हणतीस?' हे ठरलेलं.

फक्त आईचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू यायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा म्हणे अगदी हळू बोलायची, असं आबा सांगायचे. मला ते कधीच खरं वाटलं नाही. मला आठवते ती आई मशीनच्या वर आवाज चढवणारी, मंडईत भेंडीचा दर विचारला तरी चार माणसं वळून बघतील अशी. तिनं कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या काकू पापड लाटता लाटता ऐकायच्या आणि वर मत द्यायच्या. वर्कशॉपच्या दारात कुणी नवखा माणूस घुटमळताना दिसला की आई चुलीजवळूनच गरजायची, "पावणं, नुसतं हुबं काय ऱ्हायलायसा? मालकास्नी दंडाला धरून हलवा, त्यास्नी ऐकाय येत न्हाय!" आणि दुपारी भाकरी तव्यावर टाकली की तिथूनच आबांना हाक. हाक गेली की मशीन मंदावायचं, लेथचा चक फिरायचा थांबेपर्यंत आबा हात पुसत दारात आलेले असायचे. माणसाला जेवायला बोलवायची ही काय पद्धत आहे, असं मला त्या वयात फार वाटायचं. माझ्या मैत्रिणींच्या आया असं ओरडायच्या नाहीत.

आई मिशेरी लावायची. आमच्या गल्लीतल्या तिच्या वयाच्या सगळ्याच बायका लावायच्या. तंबाखू तव्यावर भाजून काळी केली की तिचा खमंग, घशात बसणारा धूर घरभर पसरायचा. मी खोकत बाहेर पळायचे आणि आई हसायची. सकाळी उंबऱ्यावर बसून, बोट दातांवर फिरवत, गल्लीतल्या प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणं हा तिचा दिवसातला एकुलता एक निवांत वेळ होता. तिच्या आईनं लावली म्हणून तिनं लावली. त्यात काही वाईट असतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ऐकून घेणाऱ्यांतली ती नव्हती.

कम्प्युटर आमच्याकडं आला तो जुनाच. मी बी. कॉम. होऊन घरी बसले होते, कम्प्युटरचा कोर्स करत होते, आणि आता बिलं छापील दिल्याशिवाय मोठी गिऱ्हाइकं विचारत नाहीत असं आबांना कुणीतरी सांगितलं होतं. दाराशेजारच्या कोपऱ्यात, म्हणजे अर्धा घरात आणि अर्धा वर्कशॉपात, तो टेबलावर विराजमान झाला. आईनं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं, झालर लावून. गरम होतो म्हणून मी त्याच्या डब्याचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढून ठेवायचे. कोर्सलाही सगळे तसंच करायचे. त्याच्याबरोबर कानाला लावायचा एक माईकही आला होता. एका दुपारी मी त्यावर आवाज भरता येतो का ते बघत बसले होते आणि नेमकी आईची हाक आली. ती तशीच्या तशी आत गेली. आधी मशीनची घरघर, मग भाकरी थापल्याचे दोन फटके, आणि मग, "अवोऽऽ, बंद करा की त्ये मशीन! भाकरी गार व्हायलीया, का मीच खाऊ समदी?" आणि त्यानंतर मशीन मंदावत मंदावत थांबल्याचा आवाज. आबांनी ऐकलं होतं ना.

मला काय लहर आली कोण जाणे, कम्प्युटर चालू झाल्यावर त्याची जी ठरलेली धून वाजायची ती काढून मी तिथं आईची हाक लावून ठेवली. कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी आबा बिल बघायला आले. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, कंपनीचं रंगीत निशाण आलं, आणि स्पीकरमधून आई ओरडली. आबा स्टुलावरून ताडकन उठले. "आलो, आलो!" म्हणत स्वयंपाकघराकडं वळले तर दारात आई उलथनं घेऊन उभी. "आत्ता मी कुटं बोलले?" ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही तिघं जेवढे हसलो तेवढे नंतर कधी हसलो असू असं वाटत नाही. आईनं मला दोन शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना हाताला धरून आणलं, "ऐका, माझा आवाज कम्प्युटरात घाटलाय पोरीनं." पुढं त्याचं नवलही राहिलं नाही. कम्प्युटर चालू झाला की तो ओरडणार, हे कपबशा थरथरण्याइतकंच सवयीचं झालं.

मग आईचा घसा बसला. सर्दीचा म्हणून हळद-दूध झालं, काढे झाले, जोतिबाला नवस झाला. महिने गेले तरी आवाज सुटेना. हाक आधी घोगरी झाली, मग नुसती फुंकर उरली. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा लावून घशात बघितलं आणि मान वर न करताच विचारलं, "मिशेरी लावता?" आईनं माझ्याकडं बघितलं. घरी काय चाललंय हे या माणसाला कुणी सांगितलं, असा तिचा चेहरा झाला होता.

ऑपरेशन झालं. स्वरयंत्र सगळं काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक ठेवलं, त्यातून तिचा श्वास चालायचा, आणि त्यावर पातळ फडक्याचा पडदा. आधी डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, आम्ही माना हलवल्या होत्या, पण समजलं कुणालाच नव्हतं. मला समजलं ते शुद्धीवर आल्यावर ती रडली तेव्हा. रडण्याचा आवाजच आला नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा. ते बघून मी बाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले.

आज माझी मुलगी साध्या नळाचाही व्हिडिओ काढते आणि विचारते, आजीचं एकही रेकॉर्डिंग कसं नाही तुमच्याकडं? काय सांगू तिला. इतकं मुबलक होतं की साठवायचं कुणाला सुचणार? पाऊण गल्लीला ऐकू जाणारं माणूस. आणि सुचलं असतं तेव्हा फुंकरच उरली होती. राहिली होती ती कम्प्युटरातली एक हाक.

घरी आल्यावर आई हातानं सगळं करायला लागली, पण घर बदललं. तिला वास येईनासा झाला, कारण श्वास नाकातून जातच नव्हता. तव्यावर भाकरी करपून धूर झाला तरी ती शांतपणे दुसरी थापत असायची. स्वतः मात्र पेज गाळून प्यायची. दवाखान्यातून एक यंत्र घ्यायला सांगितलं होतं, दाढी करायच्या मशीनसारखं. ते गळ्याला लावून बोललं की घर्रर्र करत शब्द उमटायचे. आईनं ते एकदा लावलं, 'शैला' म्हणून मला हाक मारली, माझा चेहरा बघितला, आणि यंत्र डब्यांच्या मागं ठेवून दिलं. माझा चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही.

राहिला प्रश्न आबांना जेवायला बोलवायचा. आधी तिनं ताटावर पळी वाजवून बघितली. मशीनच्या आवाजात आबांना ती ऐकू जाईना. दोनदा ती हात पुसत तिथवर गेली, त्यांचा दंड हलवला. दचकून आबांचा हात कातायच्या टूलवर जाता जाता वाचला. मग एक दिवस भाकरी झाल्यावर ती सरळ दाराजवळच्या बोर्डाकडं गेली आणि वर्कशॉपचा आणि घराचा जो एकच मेन स्विच होता तो खाली ओढला. मशीन मंदावलं, थांबलं. पंखा थांबला. आबांनी मान वर करून दाराकडं बघितलं. आई तिथं उभी होती, हात कमरेवर. त्या दिवसापासून तीच तिची हाक झाली.

आबा मात्र रोज सकाळी, मशीनच्याही आधी, कम्प्युटर सुरू करायला लागले. बिलाचं काम नसायचं. बटण दाबायचे, स्टुलावर बसायचे, उजवा कान स्पीकरला लावायचे. हाक आली की डोळे मिटून मशीन मंदावल्याचा शेवटचा आवाज पूर्ण होऊ द्यायचे आणि मग मला म्हणायचे, "कर बंद." पहिल्या दिवशी आईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला होता. नंतर नंतर तीही दारात येऊन उभी राहायला लागली. मी एकदा नीट बघितलं. स्पीकरमधून हाक येताना तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

खंडेनवमीला आमच्याकडं मोठा थाट. सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, मशीनला तेलपाणी, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मशीनच्या पायाशी नारळ. मग दसरा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. त्या वर्षी आबांनी पूजेचं ताट उचललं आणि मशीनकडं न जाता आधी कम्प्युटरकडं आले. साडीचं झाकण काढलं. मॉनिटरला, कीबोर्डला, माऊसला हळदकुंकवाची बोटं ओढली. माळ घातली. नारळ फोडला आणि त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन कम्प्युटरच्या उघड्या डब्यात, अगदी आत, देवघरात शिंपडावं तसं शिंपडलं. मागोमाग अक्षता. मी ओरडले, "आबा, पाणी नको आत!" ते वळले आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "पाणी कुटलं? नारळाचं हाय त्ये." आईनं पदर खांद्यावरून घेतला आणि कम्प्युटरला हात जोडले. पूजेच्या दिवशी पूजा पुसायची कशी? मी फडकं घेऊन पुढं झाले तर आबांनी हातानंच नको म्हटलं.

दसरा झाल्यावर सोनं वाटून झालं, मशीनची माळ उतरली. आबांनी कम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा गरगरला, आणि पडदा काळाच. आत कुठंतरी बारीक पिपाणीसारखं टूं, टूं, टूं वाजलं आणि तेही थांबलं. आबांना ते ऐकू आलं नाही. ते कान लावून तसेच बसले होते. मी म्हटलं, "आबा, चालू झाला नाही." त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

बॅटरी लावून आत बघितलं तर मुंग्या. नारळाच्या पाण्याच्या गोडीवर लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून हिरव्या पाटीवरून सरळ आत गेलेली. अक्षतांचे दाणे खाचांत अडकलेले, कुंकवाचा चिकट लगदा पंख्याच्या पात्यांना. आबांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला, एकदाच, पण असा की आई धावत आली. तिला मी दाखवलं. तिनं आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही बराच वेळ.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. आबांनी दाढीचा ब्रश आणला, मी एकेक मुंगी, एकेक दाणा काढला. कोर्सला शिकवलं होतं तसं मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, पुसून पुन्हा बसवली. आबांच्या लेखी मशीन म्हणजे मशीन. "बेरिंग जाम झालं असंल," म्हणून त्यांनी पंख्याच्या मध्यावर सुईनं तेलाचा थेंब सोडला. वायरी काढून घातल्या. बटण दाबलं. या खेपेला पडद्यावर अक्षरं आली! आबा स्टूल ओढून कान लावून बसले, आई दारात. निशाण आलं. आता हाक येणार, आणि खट्टकन पडदा निळा झाला, विझला, आणि पहिल्यापासून सुरुवात. अक्षरं, निशाण, निळा. अक्षरं, निशाण, निळा. दर खेपेला हाकेच्या तोंडाशी येऊन तो मागं फिरायचा. आई दर खेपेला ओठ उघडायची आणि मिटायची. शेवटी मीच वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी पुस्तकात बघून मी तो अर्धवट चालू केला. आजाऱ्याला नुसती पेज द्यावी तसं कमीत कमी सामानावर कम्प्युटर उघडतो, तो प्रकार. चित्रं मोठी, रंग फिके, आणि आवाज बंद. आवाजाचं काम त्यात चालतच नाही. पण आत जाऊन शोधलं तर फाइल जागेवर होती. 'आई ओरडते' असं मीच नाव दिलेलं. मी तिच्यावर बोट ठेवून आबांना दाखवलं. "हाय?" त्यांनी विचारलं. "आहे," मी म्हणाले, "पण आत्ता बोलणार नाही. आधी दुसरीकडं उतरवून घ्यायला पाहिजे." आमची फ्लॉपी कधीच मोडली होती. पेन ड्राइव्ह तेव्हा नवलाईचे होते, आमच्या कोर्सच्या सरांकडं एक होता, तो मागायचा असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी मला आईबरोबर मिरजेला जायचं होतं, तिचा किरणांचा शेक चालू होता. निघताना मी आबांच्या समोर उभी राहून, ओठ नीट हलवून सांगितलं, "मी आल्याशिवाय हात लावू नका." त्यांनी मान डोलवली.

दुपारी आम्ही परत आलो तर आबा दारात उभे. अंगात धुतलेला सदरा. आईला हाताला धरून त्यांनी आत नेलं आणि कम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं. डबा पुसून लख्ख केलेला, बाजूचं झाकणही बसवलेलं.

"रफिककडं नेलतो रिक्षानं," ते म्हणाले. रफिकभाई म्हणजे बाजारगेटला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचा मुलगा. बापाच्या दुकानात आता तो कम्प्युटर दुरुस्त करायचा. "तासाभरात चालू केला बघ गड्यानं."

"काय केलं त्यांनी? काही विचारलं का तुम्हाला?"

"इचारलं की. म्हटला, आबा, आत काय फोटोबिटो, डेटा हाय काय ठेवायचा? माझ्या तोंडाम्होरं येऊन दोनदा इचारलं. म्हटलं, काय न्हाय बाबा त्यात. नुसता चालू झाला पायजे."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती फाइल नव्हती, डेटा नव्हता. कम्प्युटर चालू होणं म्हणजेच आई बोलणं. पोट बरं झालं की भूक लागते, तसं ते धरून चालले होते. आणि रफिकभाईनं आजारी कम्प्युटरवर सगळे जे करायचे तेच केलं होतं. सगळं पुसून नवं घातलं होतं.

मला सांगता आलं असतं. पण आबांचा हात बटणावर होता आणि आई खुर्चीच्या कडेला सरकून, पदर मुठीत धरून बसली होती. आबांनी बटण दाबलं आणि कान लावला.

अक्षरं धावली. निशाण आलं, थांबलं, गेलं. पडदा निळाशार आणि हिरवा उजळला, आणि स्पीकरमधून कंपनीची ती गोड, गुळगुळीत धून वाजली. सगळ्या जगात वाजते ती.

आबा हलले नाहीत. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी बंद करून पुन्हा लावला. धून वाजली.

"पुन्हा."

"आबा, तो आवाज गेला. पुसला गेला."

"चालू झालाय की. पुन्हा लाव, शैले."

मी पुन्हा लावला. ते स्पीकर दोन्ही हातांत धरून, कानाशी दाबून बसले होते. त्यांना ती धूनसुद्धा नीट ऐकू येत नसावी. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, निशाण पडद्यावर असतानाच, आई उठली. आमच्याकडं न बघता ती दाराजवळच्या बोर्डाकडं गेली आणि मेन खाली ओढला. पडदा काळा झाला. पंखा थांबला. स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं. सकाळी करून ठेवलेल्या भाकरी होत्या आणि वाटीत मिरचीचा खरडा. आबा स्पीकर खाली ठेवून उठले आणि हात धुऊन जेवायला बसले. भाकरी गार झाली होती.

रफिकभाईला कळलं तेव्हा तो घरी आला. आईच्या पाया पडायला वाकला तर तिनं त्याला धरून उठवलं. "काकी, मला काय म्हाईत असतं तर हातबी लावला नसता की ओ," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुसलेलं उकरून काढायचं काहीतरी सॉफ्टवेअर त्यानं पुण्याहून मागवलं आणि आठवडाभर आमच्याच टेबलाशी बसून खटपट केली. खूप काही वर आलं. अर्धी बिलं, माझ्या कोर्सचे धडे, आधीच्या मालकाच्या बारशाचे फोटो. आवाजाच्या फाइली निघाल्या त्या मी एकेक करून ऐकल्या. गाणी होती, कम्प्युटरच्या टिचक्या होत्या, बऱ्याच नुसत्या खरखरीच्या होत्या. एका खरखरीत मला भाकरी थापल्याचे दोन फटके ऐकू आल्यासारखे वाटले. मी ती शंभरदा ऐकली आणि मग आबांना न दाखवता बंद केली. त्या कम्प्युटरवर आबांनी पुन्हा बिल केलं नाही. हातानंच लिहायला लागले. गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत.

आई त्यानंतर काही वर्षं होती. मेन ओढून नवऱ्याला जेवायला बोलवणारी बाई म्हणून गल्लीत तिची थट्टा व्हायची, तिलाही ती आवडायची. मग दुखणं परत आलं, या खेपेला छातीत, आणि फार दिवस लागले नाहीत. माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, व्हायचं होतं.

दिवसकार्य उरकून पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मशीन सुरू केलं. मला बरं वाटलं. कपबशा पुन्हा थरथरायला लागल्या. मी भाकरी केल्या, आईसारख्या पातळ नाही जमल्या. दारात जाऊन हाक मारली, "आबा, जेवायला." पाठमोरे होते, चक फिरत होता, त्यांना ऐकू गेलं नाही. मी आईसारखं ओरडून बघितलं. माझा आवाज फाटला, पण तिथवर पोचला नाही. मग मी बोर्डाकडं गेले आणि मेन खाली ओढला.

मशीन मंदावलं. पंखा थांबला. आबांनी टूल सोडलं, हात फडक्याला पुसले आणि मान वर करून दाराकडं बघितलं, चेहऱ्यावर ते रोजचं 'आलो, आलो' घेऊन.

दारात मी होते.